उडत्या तबकडीवर नेम धरत नाहीत

ऑगस्ट 2024 च्या पहिल्या तारखेला शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाला उभं राहिलं तरी नेमबाजीशिवाय दुसरा विषय निघेना. चारच दिवसांनी, 5 ऑगस्टला, महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका ही जोडी स्कीटच्या, म्हणजे उडत्या तबकड्या छर्र्याच्या बंदुकीनं फोडायच्या खेळाच्या, मिश्र प्रकारात कांस्यपदकाच्या लढतीत चीनकडून 43-44 अशी हरली. एका तबकडीनं पदक गेलं. त्या रात्री शेजारचा अकरावीतला पोरगा मला म्हणाला, "काका, एवढे मोठे नेमबाज, आणि बंदूक अशी गर्रकन फिरवून काय मारतात? स्वप्नीलसारखं शांत उभं राहून नीट नेम धरला असता तर ती एक तबकडी फुटली असती की."

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मात्र चहाच्या कपाएवढं नव्हतं, म्हणून हा लेख.

दोन बंदुका, दोन वेगळ्या विद्या

स्वप्नीलच्या हातात होती ती रायफल. तिच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांमुळे एकच गोळी गिरकी घेत सरळ जाते. लक्ष्य 50 मीटरवर, जागचं न हलणारं, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं, बोटाच्या नखाएवढं. तिथं श्वास रोखून, शरीर दगडासारखं करून नेम धरावाच लागतो. आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीनं 2023 साली बर्लिनमध्ये वयाच्या 17 व्या वर्षी कंपाउंड धनुर्विद्येचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तिचीही विद्या याच घराण्यातली. लक्ष्य थांबलेलं असतं आणि माणूसही थांबतो.

शॉटगन, म्हणजे आपली छर्र्याची बंदूक, गावाकडची 'बाराबोअर', ही वेगळ्या घराण्यातली. तिची नळी आतून गुळगुळीत असते. बाराबोअर या नावाचा उगम जुना आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढं या नळीचं तोंड असतं, साधारण साडेअठरा मिलिमीटर. स्पर्धेच्या काडतुसात जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रे भरता येतात. बारीक छर्रे असले की ते सुमारे 300 भरतात. चाप ओढला की हा सगळा घोळका एकदम निघतो आणि पुढं जाताजाता पसरत जातो.

रायफलला मागं एक आणि पुढं एक अशा नेमाच्या दोन खुणा असतात. शॉटगनला पुढच्या टोकावर एक लहानसा मणी असतो, आणि मागं काहीच नसतं. ही उणीव नाही. मागची खूण म्हणजे मारणाऱ्याचा स्वतःचा डोळा, आणि ही गोष्ट एकदा पटली की पुढचं निम्मं शिक्षण सोपं जातं.

तबकडी म्हणजे काय

इंग्लंड-अमेरिकेत पूर्वी पिंजऱ्यातून जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर नेमबाजीच्या पैजा लागत. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली होती. पण त्याच्या आधीच, 1880 च्या सुमारास, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यानं भाजक्या मातीची तबकडी काढली होती. पुढं जिवंत पक्षी खेळातून गेला आणि तबकडी राहिली. आजही तिला 'क्ले' म्हणतात, पण तिच्यात माती नसते. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी यांची ती केलेली असते. व्यास 110 मिलिमीटर, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान, आणि वजन 105 ग्रॅम. यंत्रातून सुटते तेव्हा तिचा वेग ताशी 90-100 किलोमीटरच्या घरात असतो.

खेळाचे मुख्य प्रकार दोन. ट्रॅपमध्ये नेमबाजाच्या 15 मीटर पुढं जमिनीत खंदक असतो आणि तबकडी त्यातून उसळून समोर, डावीकडं किंवा उजवीकडं दूर पळते. जुन्या विहिरीत डोकावल्यावर आतला पारवा फडफड करत वर उसळतो आणि कुठल्या बाजूला जाईल ते कळत नाही, तसंच हे. स्कीटमध्ये एक उंच आणि एक बुटकं अशी दोन घरं समोरासमोर असतात, त्यातून निघालेल्या तबकड्या आडव्या जातात आणि नेमबाज अर्धवर्तुळावरच्या सात आणि दोन घरांच्या मधली एक अशा ठरलेल्या आठ जागांवरून त्या फोडतो. 2004 साली अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी रौप्यपदक मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये. त्यात एकाच वेळी दोन तबकड्या सुटतात.

नेम धरला तर का चुकतो

आता थोडं गणित, पण पाढ्यांपुरतंच. समजा तबकडी 25 मीटर अंतरावरून आडवी चालली आहे आणि तिचा वेग सेकंदाला 20 मीटर आहे. छर्रे नळीतून सेकंदाला 400 मीटरच्या आसपास वेगानं निघतात, पण हवेत लगेच मंदावतात. 25 मीटर जायला त्यांना साधारण 0.08 सेकंद लागतात. तेवढ्यात तबकडी पुढं किती जाते? 1.6 मीटर, म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढी.

म्हणून नळी बरोबर तबकडीवर रोखून चाप ओढला, तर छर्रे जिथं पोचतात तिथून तबकडी केव्हाच गेलेली असते. मारायचं असतं तिच्या पुढच्या रिकाम्या हवेत. या पुढच्या अंतराला नेमबाज 'लीड' म्हणतात. मी पुढं तेवढाच एक शब्द वापरणार आहे.

"मग मोजा की दीड मीटर पुढं," असं कुणीही म्हणेल. पण मोजणार कसं? कोन दर वेळी वेगळा, अंतर वेगळं, वेग वेगळा, आणि सगळा खेळ एका सेकंदात संपतो. त्यात डोळ्याची एक मर्यादा आहे. एका वेळी तो एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. मणी मीटरभर अंतरावर आणि तबकडी पंचवीस मीटरवर. मणी बघायला गेलात की तबकडी धूसर होते. लीड मोजायला नजर मण्यावर आली की हातही थबकतो, नळी जागच्या जागी थांबते आणि मार मागं पडतो. नवशिक्यांचे बहुतेक बार मागंच जातात. माझेही जात होते. पहिल्या दिवशी पंचवीस तबकड्यांपैकी चार फुटल्या, आणि त्या चारही कशा फुटल्या ते मला सांगता आलं नसतं.

गोफणीनं शिकवलेली गोष्ट

माझं आजोळ खटाव तालुक्यातलं. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरायचे. आम्ही पोरं माळ्यावर राखणीला. गोफणीला ना मणी, ना मागची खूण. चार वेढे फिरवायचे आणि एक दोर सोडायचा. मी गुंडा, म्हणजे गोफणीतला दगड, कुठं चाललाय ते बघत बसायचो, म्हणून तो कायम थव्याच्या मागं पडायचा. मामा खालून ओरडायचे, "गुंड्याकडं काय बघतुयास? पाखराकडं बघ!" पाखराकडं बघायला लागल्यावर गुंडा थव्याच्या तोंडापुढून जाऊ लागला आणि थवा वळू लागला. पाखरू मारायचं नव्हतंच, वळवायचं होतं. पण हाताला जे कळलं ते पुढं तीस वर्षांनी बंदुकीच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागावर, उपयोगी पडलं.

सांगलीजवळ माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाचा कव्हर ड्राइव्ह डोळ्यापुढं आणा. बॅट कुठं आहे हे ती बघत नाही, चेंडू बघते, आणि बॅट आपोआप तिथं येते. शॉटगनची सहजप्रेरणेची पद्धत यावरच उभी आहे. नजर लक्ष्यावर खिळवायची आणि हातांना त्यांचं काम करू द्यायचं.

हा प्रयोग आत्ता करून बघता येईल. संध्याकाळी गच्चीवर जा. भिरभिरणारी एखादी पाकोळी निवडा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्याकडं बोट करा आणि ती जाईल तसं बोट फिरवा. बोट चुकत नाही. आता मुद्दाम बोटाच्या टोकाकडं बघत पाकोळीचा पाठलाग करून पाहा. लगेच बोट अडखळतं आणि मागं राहतं.

पण मग लीड येते कुठून

मला ही पद्धत समजायला सगळ्यात जास्त वेळ इथंच लागला. पाखराकडंच बघायचं आणि मारायचं मात्र त्याच्या पुढं, हे दोन्ही जमतं कसं?

नळी मागून येते आणि पाखरापेक्षा वेगानं येते. मनानं "आता" म्हटल्यापासून बोट चाप ओढतं, काडतूस पेटतं, छर्रे नळीबाहेर पडतात. या सगळ्याला सेकंदाचा अंश लागतो आणि नळी तोवर फिरतच असते. वरच्या उदाहरणात नळीची दिशा तबकडीच्या रेषेवर दुप्पट वेगानं, म्हणजे सेकंदाला 40 मीटरच्या हिशेबानं, फिरत असली आणि या सगळ्यालाही समजा 0.08 सेकंदच लागले, तर तेवढ्यात ती तबकडीच्या 1.6 मीटर पुढं गेलेली असते. मारणाऱ्याला वाटतं आपण पाखरावरच मारलं. प्रत्यक्षात मार पुढं गेलेला असतो. पाखरू वेगात असेल तर नळीही त्याला गाठायला जास्त वेगानं फिरते, आणि लीड आपोआप वाढते.

म्हणूनच बार झाल्यावरही नळी थांबवायची नसते. गोफणीचा दोर सोडल्यावर हात तिथंच आखडला तर गुंडा भलतीकडं जातो, तसंच.

लंडनचे बंदूक कारागीर रॉबर्ट चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच शिकवण दिली. लीड मोजू नका, नजर पक्ष्यावर ठेवा, अंगाचा भार त्याच्या दिशेनं न्या, असं ते सांगत. अमेरिकेत 'लकी' मॅकडॅनियल नावाचा माणूस तर नेमाच्या खुणा काढून टाकलेल्या साध्या छर्रे-एअरगननं, हवेत उडवलेल्या छोट्या चकत्यांवर लोकांना शिकवायचा. साठच्या दशकात अमेरिकी सैन्यानं त्याच धर्तीवर शिपायांना जवळच्या अंतरावर झटपट मारायचं प्रशिक्षण दिलं.

सहजप्रेरणा या शब्दानं मात्र गैरसमज होतो. ही जन्मजात देणगी नाही. कॅनडाच्या संशोधक जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास करून 'शांत नजर' ही कल्पना मांडली. शेवटची हालचाल करण्याआधी कसलेला खेळाडू नजर एका जागी, नवशिक्यापेक्षा लवकर आणि जास्त वेळ स्थिर ठेवतो. ही नजर सरावानं कमवता येते. माझ्या मते या सगळ्या विद्येत सर्वात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. लोक बंदुकीवर पैसे घालतात आणि नजरेवर दहा मिनिटंही घालत नाहीत. सुरुवातीला "तबकडी बघ" एवढंच करू नका. तिची पुढची कड बघा. फिरताना तिच्या कडेवरच्या कंगोऱ्यांची चमक दिसायला लागली की नजर खिळली असं समजा.

दस्ता अंगाला बसला पाहिजे

मागची खूण डोळाच असल्यामुळे डोळा दर वेळी त्याच जागी यायला हवा. गाल दस्त्यावर टेकला की नजर आपोआप नळीच्या वरून सरळ गेली पाहिजे, मान वाकडी न करता. दस्ता लांब असला तर तो काखेत अडकतो, आखूड असला तर अंगठा नाकावर आदळतो. वरची कड उंच असली तर मार वर जातो, बुटकी असली तर खाली. खुरप्याची मूठ आपल्या हाताला बसलेली असली की तण बघता बघता हात चालतो. उसन्या खुरप्यानं चालत नाही. बंदुकीचंही तसंच. उंची, खांद्याची रुंदी, गालाची हाडं, सगळ्याचा हिशेब घेऊन दस्ता तासून किंवा पट्ट्या लावून बसवतात.

दुसरं, डोळ्याचं. हातासारखाच डोळाही उजवा-डावा असतो. दोन्ही तळव्यांनी लांबवर छोटं भोक करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ भोकात राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा मुख्य निघाला तर त्याचे बार बाजूला जात राहतात आणि कारणच कळत नाही. मग खांदा बदलायचा, किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी चिकटपट्टी लावायची.

काडतुसाशिवायचा सराव

मला शिकवणारे गृहस्थ निवृत्त सुभेदार. त्यांनी पहिले तीन आठवडे काडतूस हातात दिलंच नाही. रोज संध्याकाळी बंदूक उघडून दोनदा रिकामी असल्याची खात्री करायची, नळीच्या तोंडात छोटी विजेरी बसवायची, आणि भिंत जिथं छताला मिळते त्या रेघेवरून उजेडाचा ठिपका एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत न्यायचा. नेता नेताच दस्ता गालाला आणि मग खांद्याला लावायचा. ठिपका रेघेवरून ढळला तर दस्ता झटक्यात आला असं समजायचं. पहिल्या आठवड्यात माझा ठिपका छतभर नाचत होता. तेव्हा वाटलं, हे कसलं शिक्षण. पण दस्ता गालाकडं यायला हवा, गाल दस्त्याकडं जाता कामा नये, हे त्या रेघेनं शिकवलं. बंदूक नसेल तर काठीवर विजेरी बांधूनही हा सराव होतो.

मैदानावरचा क्रम मग फार सोपा उरतो. पाय असे ठेवायचे की जिथं तबकडी फुटायची तिथवर कंबर अडखळत नाही. भार पुढच्या पायावर. नजर घराच्या थोडी पुढं, मऊ ठेवून. तबकडी सोडण्यासाठी हाक द्यायची. स्कीटमध्ये हाकेनंतर तबकडी लगेच किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही येऊ शकते, आणि ती दिसेपर्यंत दस्ता कमरेच्या उंचीवर खालीच ठेवावा लागतो. दिसली की नजर पकडते, नळी तिच्या मागून निघते, दस्ता गालाला टेकतो, आणि टेकताक्षणीच बार. टेकल्यावर तपासत बसलं की गेलं. सुभेदारांचं एक वाक्य अजून कानात आहे, "तोंड वर, मार वर." फुटली का ते बघायला डोकं उचललं की डोळा वर जातो आणि नळीही.

एवढे छर्रे, मग कौशल्य कसलं?

हा आक्षेप हमखास येतो. तीनशे छर्रे, काहीतरी लागणारच. पण 25 मीटरवर त्या घोळक्याचा कामाचा घेर साधारण 75-80 सेंटिमीटरचा असतो. त्यापलीकडं छर्रे विरळ होतात. लीड हवी 1.6 मीटर आणि नेम धरला तबकडीवरच, तर घोळक्याची कडसुद्धा तिच्यापासून मीटरभर मागं जाते. घेर चुकीला थोडी माफी देतो, पण एवढी नाही.

ही पद्धत सगळीकडं चालते का?

नाही, आणि हे सांगायलाच हवं. जवळच्या, वेगानं कोन बदलणाऱ्या लक्ष्यांवर ती उत्तम. लांबवरच्या आडव्या तबकड्यांवर लीड खूप मोठी होते, तिथं अनेक अव्वल नेमबाज नळी आधीपासूनच पुढं ठेवून बरोबरीनं फिरवतात. ट्रॅपमध्ये तर दस्ता हाक देण्याआधीच खांद्याला लावलेला असतो. शिकताना सहज पद्धतीनं सुरुवात करावी आणि लांबची गणितं नंतर घ्यावीत, असं मला वाटतं. उलट क्रमानं गेलेली माणसं मण्याकडं बघायची सवय सोडू शकत नाहीत.

मग द्राक्षबागेतल्या पाखरांवर चालेल का?

तासगावकडच्या एका बागायतदारानं मला हे अगदी काकुळतीनं विचारलं होतं. उत्तर आहे, नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 1991 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडं खेळ म्हणून शिकारीला जागाच राहिली नाही. भोरडी, तितर, लावा, होला, कुणावरही बंदूक उचलणं गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंगवासही होतो. एअरगननं मारलं तरी तो गुन्हाच. ब्रिटनमध्ये काही पक्ष्यांची शिकार ठरलेल्या हंगामात कायदेशीर आहे, म्हणून तिकडच्या शिक्षणात पक्ष्यांची उदाहरणं येतात. ती इकडं जशीच्या तशी आणू नयेत. बागेसाठी जाळी आहे, चमकत्या फिती आहेत, राखण आहे. आणि ज्या भोरड्या कणसं खातात त्याच टोळ आणि किडेही खातात, हेही विसरू नये.

परवाना, कान आणि मोकळी जागा

शॉटगन बाळगायला शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवाना लागतो, त्यासाठी वयाची 21 वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त शस्त्रं ठेवता येत नाहीत. माळावर जाऊन बाटल्यांवर बार काढणं म्हणजे सराव नव्हे. बारीक छर्रेसुद्धा दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात, म्हणून नेमबाजीच्या रेंजपुढं तीनशे मीटरपर्यंत जागा निर्मनुष्य ठेवतात. बाराचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो. एका बारानंही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं, तेव्हा कानाला आणि डोळ्याला संरक्षण हवंच. शिशाचाही प्रश्न खरा आहे. पाणथळीत पडलेले छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनं मरतात. अमेरिकेनं पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर 1991 पासून देशभर बंदी घातली, डेन्मार्कनं 1996 मध्ये शिशाचे छर्रेच बंद केले. आपल्या रेंजवरही शिसं गोळा करून काढलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्या पोराला हे सगळं सांगितल्यावर तो आठवडाभर रोज संध्याकाळी गच्चीवर जात होता. अजिंक्यताऱ्याच्या बाजूनं पाकोळ्या येतात, त्यांच्यावर बोट फिरवायचं. सहाव्या का सातव्या दिवशी खाली आला आणि म्हणाला, "काका, आज बोट दिसलंच नाही. नुसती पाकोळी दिसत होती."